नानांचे चार चौकोन

आमच्या सोसायटीतल्या नानांना एखादं काम सांगितलं, की ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. “कुठल्या चौकोनात घालू?” असं विचारतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने आखलेले चार चौकोन त्यांच्या दिवाणखान्यात लटकतात. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण बिनतातडीचं, तातडीचं पण बिनमहत्त्वाचं, आणि धड यातलं काहीच नसलेलं. शेवटच्या चौकोनात गेली दोन वर्षं एकट्या जावयाचं नाव आहे.

“आयझेनहॉवर याच्यावर अमेरिका चालवायचा,” असं नाना ठोकून देतात. त्या गृहस्थाने १९५४ सालच्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला खरा, पण तोही कुणा कॉलेजप्रमुखाचं म्हणणं म्हणून. चौकोन घरोघरी पोचले ते स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या पुस्तकामुळे. हे नानांना सांगत बसायला माझ्याकडे तेवढी ऊर्जा नाही.

ऊर्जा हा नानांचा दुसरा विषय. सकाळी नऊ ते अकरा त्यांची ऊर्जा शिगेला असते. या वेळात क्षुल्लक कामं करणं म्हणजे पाप, म्हणून ते त्या वेळात चौकोन आखतात. दुपारी जेवलं नाही तरी शरीराच्या घड्याळामुळे सुस्ती येतेच, हे ते पोटभर जेवून, आडवं होता होता समजावतात. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल याच घड्याळाच्या संशोधनाला मिळालं आणि ते फळमाश्यांवर झालं, हेही त्यांना पाठ आहे.

“त्या माशीला भाजी निवडायची नव्हती,” वहिनी म्हणतात.

वहिनींकडे चौकोन नाहीत. नळाला पाणी साडेसहाला येतं, दूध त्याच सुमारास उतू जायला बघतं आणि कचऱ्याची गाडी त्यानंतर शिट्टी वाजवते. यांपैकी कुणीही वहिनींची ऊर्जा विचारून येत नाही. नानांनी टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ आणलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, अशी ती इटालियन पद्धत. सध्या ते ओट्यावर असतं. वहिनी त्यावर ढोकळा लावतात.

खरी कसोटी लागली ती हयातीच्या दाखल्याला. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. एक तारखेला नानांनी ते काम ‘महत्त्वाचं पण बिनतातडीचं’मध्ये घातलं, जिवंत असण्याची घाई कसली? वीस तारखेला शेजारी हिरव्या पेनाने ‘उच्च ऊर्जा’ लिहिलं, कारण बँकेतली रांग. सव्वीसला ते ‘तातडीचं’ झालं, आणि संपूर्ण चौकोन नव्याने आखावा लागला. त्यात दोन सकाळी गेल्या. अठ्ठावीसला सकाळी ऊर्जा होती, पण ढग आले होते.

एकोणतीसला दुपारी अडीच वाजता वहिनी मोबाइल घेऊन पलंगाशी उभ्या राहिल्या. त्यांनी दाखल्याचं सरकारी ॲप भाचीकडून घालून घेतलं होतं.

“अहो, जरा इकडे बघा.”

“आत्ता माझी ऊर्जा...”

“ऊर्जा नकोय. डोळ्यांची उघडझाप करा.”

नानांनी डोळे उघडले, मिटले. सरकारची खात्री पटली. दुसऱ्यांदा मिटले ते थेट पाच वाजता उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नाना पट्टी घेऊन बसलेले दिसले. हयातीचा दाखला त्यांनी लाल पेनाने ‘अत्यल्प ऊर्जा’च्या रकान्यात हलवला होता, आणि तशी वाट मोकळी झालेली आणखी कामं कोणती, याची यादी चालली होती. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि गॅसचा नंबर लावायला फोन उचलला.