चारही चाकं फिरतात

पुण्यात कोथरूड, बाणेर, वाकड, कुठल्याही सोसायटीत जा, हा माणूस एक तरी सापडतोच. वय चाळीस-पंचेचाळीस, नोकरी संगणकाची, पोट किंचित पुढे, पँटला गरजेपेक्षा जास्त खिसे. त्याच्याकडे गाडी आहे असं म्हटलेलं त्याला आवडत नाही. गाडी काय, सगळ्यांकडेच असते. त्याच्याकडे फोर-बाय-फोर आहे. आमच्या शेजारचा नमुना तर या जातीतला अव्वल. लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या आजोबांनी एकदा 'म्हणजे काय हो?' असं विचारलं, तेव्हा त्याने भक्तिभावाने सांगितलं, 'काका, हिची चारही चाकं फिरतात.' आजोबांचं आयुष्य पोस्टात हिशेब तपासण्यात गेलेलं. त्यांनी दोन मजले विचार केला आणि उतरताना विचारलं, 'मग आमच्या अल्टोची किती फिरतात?'

खरं तर इथे हसायला नको, कारण फरक आहे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, उरलेली दोन त्यांच्या जिवावर फिरतात. हिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा असतो. तो ओढला की चारही चाकं जोर लावतात, आणि 'फोर लो'मध्ये टाकला की गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, पण न थांबता, छातीवर येणारा चढ चढून जाते. तो दांडा वर्षातून कितीदा ओढला जातो, हे मात्र विचारू नये. दांडा आहे, हे महत्त्वाचं.

असला चढ चढणारी ही गाडी सोसायटीच्या तळघरात काही उतरत नाही. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर घडीचा तंबू, तंबूशेजारी डिझेलचा लोखंडी कॅन, आणि तळघराच्या तोंडाशीच ड्रेनेजचा आडवा पाइप. त्यामुळे ती पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दोन जागा अडवून उभी असते, आणि दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर एक ठराव येतो. ठराव मांडणाऱ्याला एका पावसाळ्यात याच गाडीने पाण्यातून स्टेशनला सोडलं होतं, म्हणून तो दर वर्षी नामंजूर होतो.

गाडी कोणत्या कंपनीची, ते मी सांगणार नाही. एक तर शेजार टिकवायचा आहे. दुसरं असं की, अशी गाडी बाळगणारा कुणीही हे वाचून 'ही माझीच' म्हणणार, मग बॉनेटवर बिल्ला कुठलाही असो.

तिची कुळकथा तो दुसऱ्या महायुद्धापासून सुरू करतो. विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्या आफ्रिकेच्या वाळूत चालल्या, ब्रह्मदेशाच्या चिखलात चालल्या, पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत त्यांची जोडणी सुरू झाली, हे सगळं तोंडपाठ. त्या जीपमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच, एवढं मात्र तो सांगत नाही. तिला दार नव्हतं, म्हणून दार खडखडत नसे. छप्पर कापडाचं होतं, ते गळणार हे ज्याचं त्याला ठाऊक असे. हिला दार आहे, पत्र्याचं छप्पर आहे, जागोजागी सेन्सर आहेत, एक मोठा पडदा आहे आणि डॅशबोर्डवर रंगीबेरंगी दिवे आहेत. पैकी पिवळा दिवा घरी आल्यापासून सोबतीला असतो.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'वॉटर वेडिंग ६५० मिलिमीटर'. म्हणजे एवढ्या पाण्यातून गाडी जाऊ शकते. हा आकडा तो मांडीवर हात ठेवून दाखवतो. पहिल्या पावसाळ्यात, ओढा वगैरे काही न ओलांडता, कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभा असताना त्याच्या त्याच मांडीवर वरून पाणी ठिबकायला लागलं. वर्कशॉपवाल्यांनी रबर बदललं, मग सीलंट भरलं, मग वेगळ्या रंगाचं सीलंट भरलं. निष्कर्ष असा निघाला की खालून साडेसहाशे मिलिमीटर पाणी चालतं, वरून चार थेंब चालत नाहीत.

पण हिचा खरा आजार डिझेलचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी आली. नियम चांगला, शहराच्या फुप्फुसांना त्याची गरज होतीच. ही गाळणी भरली की आतल्या आत काजळी जाळून स्वतःला साफ करते. पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी साधारण साठच्या पुढच्या वेगाने वीसेक मिनिटं सलग पळावी लागते. बाणेर ते हिंजवडी या रस्त्यावर साठ हा वेग फक्त रिक्षावाल्याच्या बोलण्यात असतो. मग गाळणी तुंबते, दिवा पेटतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी रुसून जोरच लावेनाशी होते. डोंगरदऱ्यांसाठी जन्मलेल्या गाडीला सिग्नलवर उभं राहून दुखणं जडावं, यात कारुण्य आहे. उपचार म्हणून तो रात्री साडेदहाला, जेवणं आटोपल्यावर, गाडी 'तापवायला' नेतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरपर्यंत जायचं, टोल भरायचा, वळायचं, यायचं. बायको सुरुवातीला सोबत जायची. आता जात नाही. ती स्कूटर चालवते आणि ती स्कूटर दर वेळी सुरू होते, यावर दोघांनीही घरात न बोलायचं ठरवलेलं आहे.

गाडी वर्कशॉपला द्यायचा दिवस पाहण्यासारखा असतो.

वर्कशॉप म्हटल्यावर पूर्वी डोळ्यांपुढे यायचं ते ग्रीस, बनियन आणि 'ए छोटू, बारा-तेराचा पाना आण'. इथे काचेचं दार, गार हवा आणि कॉफीचं मशीन. समोर टॅब घेतलेला सर्व्हिस ॲडव्हायझर. लातूर नाहीतर बीडकडचा, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेला, इन केलेला शर्ट, अतिशय गोड मुलगा. मागच्या खेपेला दुसरा होता, तोही गोड होता. मुलगा दर वेळी बदलतो, त्यामुळे गाडीचा इतिहास दर वेळी पहिल्यापासून सांगावा लागतो. बदलत नाही ते एकच वाक्य. 'सर, हे नॉर्मल आहे. या मॉडेलला येतंच.'

स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरतं? नॉर्मल आहे सर. पडदा मध्येच काळा होतो? नॉर्मल आहे, सॉफ्टवेअर अपडेट मारून देतो. मागच्या डाव्या बाजूने कटकट आवाज येतो? इथे मात्र ट्रायल घेतली जाते. आवाजालाही आपली अब्रू असते. जो आवाज घरून वर्कशॉपपर्यंत सगळ्या गतिरोधकांवर ठसठशीत वाजत आलेला असतो, तो ॲडव्हायझर शेजारी बसताक्षणी गप्प होतो. मालक मुद्दाम खड्डे शोधत गाडी फिरवतो, घामाघूम होतो, 'आत्ता बघ, आत्ता येईल' म्हणतो. गाडी लोण्यासारखी चालते. ॲडव्हायझर टॅबवर लिहितो, 'आवाज आढळला नाही.' गेटबाहेर पडताच, उजवीकडे वळताना, कट.

कधीकधी दोष सापडतो. मग पार्ट ऑर्डर टाकतात. पार्ट येईपर्यंत कंपनीचं क्लेम अप्रूव्हल यायचं असतं, अप्रूव्हल येईपर्यंत पार्ट 'बॅक ऑर्डर'ला गेलेला असतो. दोन्ही आले की तो पार्ट उजव्या बाजूचा निघतो. या सगळ्या काळात गाडी धुऊन मात्र अप्रतिम देतात. आणि निघताना तो मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, 'सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आमचे पैसे कापतात.' ज्याने आदल्या रात्री वरच्या साहेबांना उद्देशून तीन पानी ई-मेल लिहिलेला असतो, तो हा गृहस्थ फोनवर दहा देतो. दर वेळी. वर्कशॉपच्या नोंदीत तो अत्यंत समाधानी ग्राहक आहे.

आता धुण्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकतो, कारण या माणसाचं खरं रूप तिथे दिसतं. एरवी गाडीवरचा चिखल तो पुसू देत नाही. रविवारी ताम्हिणीहून परतल्यावर बुधवारपर्यंत तो लाल चिखल दारांवर वाळत ठेवायचा, गाडी पुसणाऱ्या पोऱ्याला सक्त ताकीद. तो चिखल म्हणजे पुरावा. पण वर्कशॉपची तारीख आली की हाच माणूस पहाटे प्रेशर वॉशर घेऊन गाडीच्या पोटाखाली आडवा. चाकांच्या कमानी, सस्पेन्शनच्या सांदी, जुन्या टूथब्रशने डिफरेन्शियलच्या कडा. कारण तिथे गाडी लिफ्टवर चढवली की कुणीतरी खालून टॉर्च मारतो आणि डॉक्टर जसा 'घेता का?' विचारतो त्या सुरात विचारतो, 'सर, ऑफ-रोडिंग केलं होतं का?' जाहिरातीत गाडी नदीतून उसळत बाहेर येते. वॉरंटीच्या पुस्तिकेत, बारीक टायपात, इंजिनात पाणी गेलं तर, गैरवापर झाला तर, असे 'तर' असतात. डोंगरात नेण्यासाठी विकलेली गाडी डोंगरात नेली हे विकणाऱ्यापासून लपवायचं, म्हणून अठरा लाखांच्या गाडीचा धनी सहा वाजता उताणा पडून मळे-शिवाराची माती खरवडतो. माझ्या मते या धंद्याबद्दल जे काही म्हणायचं ते या एका दृश्यात आलं.

चुकून बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला तरी वॉरंटीवर बोट येईल ही भीती आहेच. नाना पेठेत त्याचा एक म्हातारा मिस्त्री आहे. ती कटकट त्याने न बसता, नुसता बंपर हलवून ओळखली होती. एक बुश गेलेला. पण त्याच्याकडे जायचं ते चोरून, टोपी घालून.

मोहिमा होत नाहीत असं नाही. पावसाळ्यात चार-पाच गाड्यांचा ताफा निघतो. एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असूनही वॉकी-टॉकीवर 'कॉपी, कॉपी' चालतं. डांबर संपलं की सगळे उतरून टायरची हवा कमी करतात, ३२ वरून १८ वर, म्हणजे चाक जमिनीला जास्त चिकटतं. हा विधी मन लावून चाललेला असताना मागून वडापची जुनी जीप येते. आत चौदा माणसं, मागे लटकलेले तीन, टपावर दुधाच्या किटल्या, ड्रायव्हर अर्धा बाहेर. तिची दोनच चाकं जोर लावतात आणि ते कुणी तिला सांगितलेलं नाही. हॉर्न देत ती पुढे जाते. मग यांची पहिली गाडी भातखाचराच्या कडेला रुतते. विंच, दोर, शॅकल, सगळी अवजारं बाहेर येतात, फोटो निघतात, अंधार पडायला लागतो आणि शेवटी कुणीतरी वाडीवर जाऊन ट्रॅक्टर आणतो. ट्रॅक्टरवाला साखळी लावता लावता विचारतो, 'केवढ्याला पडली ओ ही?'

'अठरा लाखाला.'

'आं? दोन ट्रॅक्टर आलं असतं की!'

कोकणात पुळणीवर गाडी घालून भरतीत अडकलेल्यांच्या बातम्या दर सुट्टीत येतात, गुन्हेही दाखल होतात. आमचा शेजारी त्यातला नाही. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय पत्रा गोड्या पाण्याने आधीच गंजायला लागलेला आहे.

एवढं सगळं ऐकून तुम्ही सहज म्हणालात, 'मग विकून का टाकत नाही?', तर चेहरा असा होतो की आपण त्याच्या माहेरच्या माणसांबद्दल काही बोललो. गाडीला शिव्या घालायचा हक्क फक्त त्याचा. 'त्रास देते हो, पण अशी दुसरी नाही,' हे तो टो-ट्रकच्या केबिनमधून फोनवर सांगू शकतो. आणि त्याचं खोटं नसतं. मंगळवारी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये कुणीतरी परदेशातून तिमाहीचे आकडे वाचत असतो, तेव्हा याला खिडकीतून खाली ती दिसते, टपावर तंबू घेऊन उभी. उठावं, बुटका दांडा ओढावा आणि रस्ता सोडून निघावं. लडाख तर ठरलेलंच आहे. पार्ट आला की निघायचं. एवढी एक शक्यता खाली उभी आहे म्हणून तो वरची मीटिंग पार पाडतो, आणि डीलरला हे पक्कं कळलेलं आहे. कंपनीने त्याला तीन वर्षांची वॉरंटी दिली, त्याने कंपनीला जन्माची दिली.

तुमच्याही मनात अशी गाडी घ्यायचं असेल तर घ्या, मी अडवणार नाही. फक्त वर्कशॉपच्या जॉब कार्डवर 'आवाज येतो' एवढंच लिहू देऊ नका. कुठून, कधी, किती वेगाला, कितव्यांदा, हे सगळं तुमच्या शब्दांत लिहायला लावा, मगच सही करा आणि प्रत घेऊन जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि वकील लागतोच असं नाही. त्याआधी फोनवर विचारायचं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आमच्या शेजाऱ्याने तो फोनमध्ये सेव्ह केलाय. अजून लावलेला नाही. रविवारी मढे घाट ठरलाय, आणि गाडी शनिवारी संध्याकाळी देतो म्हणालेत.