दाजी, आवाज येतोय का?

माझ्या मेव्हण्याने जुन्या धाटणीची नवीकोरी मोटरसायकल घेतली, तेव्हापासून तो माणसांचं बोलणं अर्ध्याच कानाने ऐकतो. उरलेले दीड कान इंजिनाकडे असतात.

पुण्याहून आंबोलीमार्गे गोव्याला जायचं ठरलं आणि त्याने मला मागच्या सीटवर घेतलं, ते सोबत म्हणून, अशी माझी समजूत होती. कात्रजचा बोगदा मागे पडताच उलगडा झाला.

"दाजी, आवाज येतोय का?"

"कसला?"

"टिकटिक. टॅपेटसारखा."

मला वाऱ्याचा आवाज येत होता, मागच्या ट्रकच्या हॉर्नचा येत होता, स्वतःच्या गुडघ्यांचाही येत होता. "नाही" म्हटलं तर तो म्हणे, "नीट ऐका." "हो" म्हटलं तर गाडी कडेला. खंबाटकी चढेपर्यंत मी "येतोय बहुतेक, पण आता कमी झालाय" या उत्तरावर स्थिरावलो. सरकारी खात्यात काढलेली वर्षं अशा वेळी कामी येतात.

आमच्यासोबत निघालेले काका त्यांच्या गाडीवर पुढे होते. त्यांची बुलेट बिडाच्या इंजिनाची, ऐंशीच्या दशकातली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यामुळे ती उसनी मागायची कोणाची छाती होत नाही. ब्रेक म्हणून दाबावं तर गिअर पडतो. सुरू करण्याचाही एक विधी आहे. किक हलकेच दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसरची मूठ दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग मूठ सोडून एकच सणसणीत किक. घाई केली तर किक उलटी येते आणि पोटरीवर सही करून जाते. काकांजवळ कॅनव्हासची पिशवी असते. तीत पॉइंट, प्लग, क्लच वायर, पॉलिश पेपर, दोन पाने आणि एक जुनं बनियन. ते कधी काळजीत दिसत नाहीत. "माझ्या इंजिनाला जे व्हायचं ते होऊन गेलंय," म्हणतात.

मेव्हण्याची गाडी २०२१ नंतरची. ३४९ सीसी, कॅम डोक्यावर, फ्युएल इंजेक्शन, शिवाय थरथर मारायला आत बॅलन्सर शाफ्ट. खरं तर चिंतेला जागाच ठेवलेली नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. जुन्या गाडीत टॅपेट वाजले की इंजिन गार होऊ द्यायचं, बाजूचं झाकण काढायचं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. रॉड सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढं जमलं की आवाज बसे आणि मालकाची कॉलर ताठ होई. नव्या गाडीत बोट घालायला फटच नाही. मग हातांची चिंता कानात जाऊन बसते. "हँडल थरथरत नाही, काहीतरी निसटलं असेल का?" असंही त्याने एकदा विचारलं.

कोल्हापुरात मिसळीसाठी थांबलो. काकांना कट चढला की इतिहास सुचतो. बुलेट हे नाव १९३२ चं, विलायतेतल्या रेडिचचं. आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, म्हणून १९५५ साली मद्रासला जुळणी सुरू झाली. १९७० च्या सुमारास विलायतेतली मूळ कंपनी आटोपली, मद्रासवाले बनवतच राहिले. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक. पिस्टनची ये-जा लांब, म्हणून तो संथ ठोका. जाहिरातीत तेव्हा लिहीत, बंदुकीसारखी घडवलेली. "पण बंदूक दिवसभर चालवत नाहीत," काका म्हणाले, "एवढं छापायचं राहिलं."

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "दाजी, ऑइल!"

मेव्हणा गाडीशेजारी उकिडवा बसला होता. इंजिनाच्या बरोबर खाली रुपयाएवढा तेलकट, लालसर डाग. बघता बघता चार माणसं जमली. एक म्हणाला गॅस्केट गेलं, दुसरा म्हणाला ऑइल सील, तिसऱ्याने गाडी विकायची आहे का ते विचारलं. मेव्हण्याने डागात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडाकडे धरलं. "पातळ झालंय," तो खोल आवाजात म्हणाला. काकांनी त्याचा हात ओढून बोटाचा वास घेतला, क्षणभर विचार केला आणि बोट सरळ आपल्या जिभेला लावलं.

"कांदा-लसूण मसाला," काका म्हणाले. "तर्री आहे. आतल्यापेक्षा बरी आहे."

गडहिंग्लजला मिस्त्री गाठल्याशिवाय सुटका नव्हती. मिस्त्रींनी गाडी चालू ठेवायला सांगितली, लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हेडवर ऐकलं, क्लचच्या बाजूला ऐकलं, चेनच्या बाजूला ऐकलं. मग हात पुसत म्हणाले, "काय बी झालं न्हाई. झ्याक हाय गाडी. न्या." मेव्हण्याने पाकीट काढलं, तर पैसे घेईनात.

आजऱ्यापर्यंत तो गप्प होता. काजूची झाडं, भाताची खाचरं, मधूनच एखादी म्हैस. मी म्हटलं, चला, आता प्रवास सुरू झाला.

"पैसे घेतले नाहीत दाजी," तो म्हणाला. "म्हणजे काम मोठं असणार. तोंडावर सांगवेना त्यांना."

आंबोलीला धुकं इतकं की पुढच्या काकांचा फक्त ठोका ऐकू येत होता. चहाला थांबलो तेव्हा काकांनी नव्या गाडीला एक फेरी मारली, इंजिनाकडे बघितलंही नाही. इग्निशनमधल्या चावीला धरून अख्खा जुडगा वर उचलला. घराच्या दोन किल्ल्या, कपाटाची एक, बँकेच्या लॉकरची एक, पितळी गणपती आणि बाटली उघडायची पट्टी. काकांनी जुडगा सोडला. हेडलाइटच्या पत्र्यावर आवाज झाला, टिक.

मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडीची चावी तेवढी सुटी करून बाकी जुडगा माझ्या खिशात आला. घाट उतरताना त्याने चक्क शीळ घातली. दरी दाखवली, माझ्या कंबरेची विचारपूस केली, बहिणीचीही केली.

सावंतवाडीच्या अलीकडे गाडी कडेला लागली.

"दाजी, त्या किल्ल्यांच्या आवाजाखाली ना, दुसरा एक आवाज दबला होता. तो आता मोकळा येतोय."

काका मागे वळून आले. त्यांनी काहीही न विचारता माझ्या खिशातून जुडगा काढला आणि चावीला पुन्हा अडकवून दिला.