सोलो रायडर, एमएच ०९

कोल्हापूरचा सोलो रायडर साधारण पंचविशी-तिशीतला असतो. बुलेट, गुडघ्याला बांधायचे पॅड आणि शनिवारी सुट्टी देणारी नोकरी एवढं भांडवल त्याला पुरतं. मागच्या सीटला करकचून बांधलेल्या पिशवीत रेनकोट, पॉवर बँक आणि चार माणसं जेवतील एवढा आईचा डबा. आपण कुणाला न सांगता निघतो, असं त्याचं म्हणणं; गल्लीला, तालमीला आणि ऑफिसला मात्र बुधवारपासूनच खबर असते. पहाटे पाचला निघायचं ठरतं. तालमीच्या कट्ट्यावर निरोप आणि पुढं मिसळ उरकून तो आठाला गाव सोडतो.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, म्हणून सुरुवात तिथूनच. तीन दरवाजापाशी त्याला एकट्याचा फोटो हवा असतो आणि त्यासाठी किमान चार माणसं लागतात: एक फोटो काढायला, तीन बाजूला सरकायला. "भावा, जरा कमान पण येऊ दे की!" फोटोखाली १६६०च्या वेढ्यातून निसटलेल्या शिवरायांचा दाखला येतो. महाराजांसोबत त्या रात्री सुमारे सहाशे माणसं होती असं सांगतात, हा तपशील तेवढा गाळला जातो.

खिद्रापूरला कृष्णाकाठी बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वर मंदिर आहे. तिथल्या स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब आणि वर आभाळाकडं उघडी गोल पोकळी. सोलो रायडर तिच्याखालच्या गोल शिळेवर मोबाइल छातीशी धरून सरळ उताणा पडतो. प्रदक्षिणा घालणाऱ्या आजी दचकून थांबतात. "पाव्हणं, बरं वाटंना व्हय?" पाठोपाठ पाणी येतं, मग चौकशी: एकटंच? घरात कोण कोण? लग्न? आजींकडूनच त्याला देवळाची कथा कळते. दक्षाच्या यज्ञानंतर रागावलेला शंकर इथं येऊन बसला, म्हणून कोपेश्वर. आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू गाभाऱ्यात शेजारीच, तो धोपेश्वर. रुसलेल्या देवालाही या मुलखात कुणी एकटं बसू दिलेलं नाही.

वस्तुसंग्रहालयं तो शेवटी ठेवतो, कारण ती गावातच आहेत आणि गावात हेल्मेट घालून हिंडलं तर ओळखीचे हसतात. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८८४ साली पुरा झालेला न्यू पॅलेस तो बाहेरून तासभर टिपतो. आतल्या संग्रहालयात फोटोला बंदी, त्यामुळं पेंढा भरलेल्या वाघांसमोर हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नाही. खरं तर नुसत्या डोळ्यांनी तो काही पाहतो ते इथंच. टाऊन हॉलच्या संग्रहातली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. सागराचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी! सातवाहनकाळी रोमशी चालणाऱ्या व्यापाराची ती खूण. या देवाला सोलो रायडर आपला पूर्वज मानतो, पण तोही आला असणार व्यापाऱ्यांच्या तांड्यासोबतच.

एवढ्यावर त्याचं मन भरत नाही; रान बघायचं राहिलेलं असतं. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८पासूनचं. आत जायला जीप करावी लागते आणि तिचं भाडं एकट्याच्या खिशाला झेपत नाही. मग तो प्रवेशद्वारापाशी जागा रिकामी असलेलं कुटुंब शोधत उभा राहतो. इचलकरंजीचं एखादं बिऱ्हाड "या की हो" म्हणून त्याला आत ओढतं आणि त्यांचं धाकटं पोर त्याच्या मांडीवर येतं. आईचा डबा इथं सुटतो आणि चकल्यांच्या बदल्यात संपतो. गवा दिसतोही, झुडपामागं, अर्धा. रात्री फोटो चढतो: ‘मी, रान आणि शांतता.’ डाव्या कोपऱ्यात पोराचं कोपर आणि अर्धी चकली.