सही नसलेला ड्रायव्हर

— वहिनी, टँकर आला का हो?

— धायरी फाट्याच्या गर्दीत अडकलाय म्हणे.

— बरं, काल मध्यरात्रीपर्यंत तुमच्या वरच्या खोलीत दिवा! पाहुणे होते की भांडण?

— मॉनिटर होता, काकू. रोज हिंजवडी गाठण्यापेक्षा घरून काम बरं, म्हणून सूनबाईनं सत्तावीस इंची आणलाय. लॅपटॉपला जोडला, तर काळा ठिक्कर. वर लिहिलेलं, 'नो सिग्नल'.

— मग द्यायचा परत, बिल आहे ना!

— आमचे चिरंजीव हेच म्हणाले. ह्यांचं तिसरंच. 'लिनक्स कशाला? विंडोज टाक.' स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही ह्यांना!

— आणि ती?

— ती गप्प. खालून टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणला आणि त्याच केबलनं मॉनिटरला लावला. बातम्या झकास दिसल्या. म्हणजे मॉनिटर ठीक, केबल ठीक, मॉनिटरच्या मेनूतलं इनपुटही ठीक. दुखणं लॅपटॉपात.

— हुशार आहे हो. टेलिफोन खात्यात आम्हीही तेच करायचो. आधी घरातलं इन्स्ट्रुमेंट बदलून बघा, मग लाइन, मग एक्स्चेंज. पहिल्या फटक्यात खांबावर चढायचं नाही.

— मग तिनं ते टर्मिनल उघडलं आणि एक्स-रँडर म्हणून कमांड दिली. लॅपटॉपला ठाऊक असलेल्या पडद्यांची यादी येते त्यात. एचडीएमआयपुढे 'डिसकनेक्टेड' असेल तर केबल, पोर्ट तपासायचा. 'कनेक्टेड' असून अंधार असेल तर सेटिंग बघायचं. इथे यादीत एकटा ईडीपी, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. एचडीएमआयचं नावच नाही!

— गेला असेल पोर्ट.

— मलाही तसंच वाटलं. पण बऱ्याच लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिप असतात. आतला पडदा एकीवर चालतो आणि एचडीएमआय पोर्ट कधीकधी दुसरीला जोडलेला असतो. त्या दुसरीचा ड्रायव्हर सुरू झाला नाही, की पोर्ट यादीतच येत नाही.

— मग बसवायचा ड्रायव्हर!

— बसवलेला होता हो! पण सिक्युअर बूट चालू होतं ना. ज्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नाही, त्याला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आत घेत नाही.

— सही नाही म्हणून अडवलं? हे तर आमचं खातंच झालं!

— तर! ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, त्यात 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. मग सहीची किल्ली नोंदली जाते. पण तो पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. कुणी कळ दाबली नाही की लॅपटॉप आपला निमूट सुरू होतो. माणसाला वाटतं, झालं काम.

— आणि कुणी नाही दाबली कळ?

— लॅपटॉप कुणी तयार करून दिला होता तिला?

— अगबाई! चिरंजीवांनी?

— हळू बोला, तो गच्चीत आहे. तिनं किल्ली नव्यानं नोंदवली, रीस्टार्ट केलं आणि मॉनिटर लख्ख लागला.

— मग सुनावलं की नाही त्याला?

— छे! 'लागला बाई एकदाचा' म्हणाली आणि कामाला बसली. तेवढ्यात ह्यानं केबल काढून, फुंकून परत लावली होती. आता कोपऱ्यावरच्या बंगल्यात सांगून आलाय, की त्याच्या फुंकण्यानं मॉनिटर लागला. त्यांनी आज संध्याकाळी बोलावलंय त्याला. त्यांच्याकडे टाइप-सीवर मॉनिटर लागत नाही.

— पण सगळ्या टाइप-सीमधून चित्र कुठे येतं? माझा नातू सांगत होता, काहींतून नुसतं चार्जिंग आणि डेटा.

— सूनबाईही तेच म्हणाली.

— मग सांगा ना त्याला!

— मी निघालेच होते सांगायला. सूनबाईनंच अडवलं. म्हणाली, 'आई, फुंकू दे.'