सागवानी जिद्द

बल्लारपुरात आलेल्या झाडाच्या कपाळी दोनच गोष्टी लिहिलेल्या. बांबू-निलगिरी असेल तर कागद, साग असेल तर लाकूड डेपोतून कुणाच्या तरी दाराची चौकट. तिसरी मी लिहायला घेतली: शिटाके अळिंबी.

जपानात शी नावाचं झाड असतं, त्यावर उगवणारी ‘ताके’, म्हणजे अळिंबी, ती शिटाके. ओंडक्याला भोकं पाडायची, बियाण्याच्या लाकडी गुल्ल्या ठोकायच्या, वरून मेण लावायचं आणि वर्षभर वाट बघायची. वाट बघणं मला जमतं. सुताराकडून उरलासुरला ओंडका आणला आणि ठोकाठोकी सुरू केली. डेपोतून रिटायर झालेले शेजारचे काका फाटकाशी थबकले.

“काय करून राहिला बे?”

“बुरशी लावतो, काका.”

“सागाले?”

पुढे ते बोललेच नाहीत. सागाच्या अंगातच असं काही असतं की वाळवी आणि बुरशी जवळ फिरकत नाहीत. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच साग गेला, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून. आणि मी त्याच जातीच्या लाकडाला ‘सड बाबा’ म्हणून विनवत होतो.

त्यात शिटाकेला हवी पंधरा-वीस अंशांची थंडी. आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. टाकीतल्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. म्हणून ओंडका बर्फाच्या पाण्यात बुडवला, मग कूलरसमोर मांडला. आई पदराने वारा घेत म्हणाली, “माणसं भाजून राहिली, आन लाकडाले हवा?”

वर्ष गेलं. ओंडका होता तसाच, उलट जरा चकाकी आली होती. आता तो कूलरच्या मोडक्या पायाखाली आहे.

पावसाळ्यात आईने बाजारातून सात्या आणल्या. भाव विचारला तर तिने विषय बदलला. सात्या म्हणजे वारुळातली अळिंबी; वाळवी जमिनीखाली बुरशीची बाग लावते, सुमारे तीन कोटी वर्षांपासून. माणसाला ती अजून घरी पिकवता आलेली नाही. म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात मुरलेला अळिंबी-शेतकरी तोच, ज्याला डेपोवाले औषध मारतात.

त्याच दुपारी कूलर आवरायला घेतला. जाळी काढली, तर ओल्या गवतात तीन करड्या छत्र्या ताठ उभ्या.

आई डोकावली. “पाय. याले गुल्ल्या कोनं ठोकल्या होत्या?”