उत्तरेचं दार

डिसेंबरात बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' आला, की आमच्या शेजारच्या काकू दिल्लीतल्या मुलाला फोन लावतात. "स्वेटर घातलायस ना रे?" मुलगा म्हणतो, "आई, कालपेक्षा आज ऊब आहे." गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात.

हा विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्मतो आणि उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिवाळ्यात दर महिन्याला अनेकदा आपल्याकडे येतो. येताना ढग आणतो. ढगांमुळे जमिनीची ऊब रात्री वर निसटत नाही, म्हणून पारा उलट चढतो. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, पंजाब-हरियाणाच्या गव्हाला फुकटचं पाणी मिळतं. मग स्वारी पूर्वेकडे निघते, आणि काही पाहुणे जाताना दार सताड उघडं टाकतात ना, तसं करते. आभाळ निरभ्र होतं, कोरडे उत्तरी वारे मोकाट सुटतात. खरा कडाका तेव्हा सुरू होतो. काकूंचा फोन फक्त दोन दिवस लवकर लागलेला असतो.

त्या वाऱ्याची झुळूक धुळे, निफाडपर्यंत पोचते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला, की पेपरात मथळा येतो. गहू खूश असतो. त्याला फुटवे फोडायला गारठाच लागतो. शेजारच्या द्राक्षबागेत मात्र मध्यरात्री शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक चालू होतं. तयार होत आलेले मणी तडकले, तर वर्षाची मेहनत मातीत. कांद्याला थंडी लागली, की त्याला डेंगळे फुटतात.

कोकणातल्या हापूसचे नखरे आणखी वेगळे. थंडीशिवाय मोहर नाही. पण ती जास्त रेंगाळली, तर झाड पुन्हा मोहरतं आणि आधी धरलेली बारकी फळं गळतात. ढग आले, तर तुडतुडे हजर. मुंबईकरांना यातलं काहीच नको असतं. स्वेटर कपाटाबाहेर निघेल एवढी थंडी मिळाली, तरी ते तृप्त. जानेवारी 2022 मध्ये मात्र या वाऱ्यांनी पाकिस्तानकडची धूळ थेट मुंबईवर आणून ओतली, आणि भरदुपारी शहर पांढुरकं झालं.

मार्चपर्यंत विक्षोभाचं हे येणं-जाणं चालतं. तेव्हा त्याची गाठ दमट वाऱ्यांशी पडली, तर गारपीटही होऊ शकते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भाने ती उभ्या पिकांवर सोसली.

एवढे अर्जदार, आणि प्रत्येकाची मागणी निराळी! त्यातून ज्याच्या एका बांधाला गहू आणि दुसऱ्या बांधाला द्राक्षं आहेत, त्या निफाडकराने देवापुढे हात जोडून नेमकं मागायचं तरी काय?