फक्त पुरुषांना विचारलं

लोकशाही शिकावी तर स्वित्झर्लंडकडून, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे राज्यघटना बदलायची तर थेट लोकांचा कौल घेतात. पण लोक म्हणजे कोण? १ फेब्रुवारी १९५९ला बायकांच्या मताधिकारासाठी घटनादुरुस्तीचा कौल झाला. मत द्यायला गेले फक्त पुरुष. सुमारे ६७ टक्के पुरुषांनी नकार दिला.

मला हा कौलच मान्य नाही. ज्यांचा हक्क अडवून ठेवलाय त्यांना बाहेर उभं करायचं आणि अडवणाऱ्यांना विचारायचं, सोडू का?

उंटरबेख या डोंगरातल्या गावाला हे आधीच कळलं होतं. १९५७मध्ये बायकांवर नागरी संरक्षणाची सक्तीची सेवा लादणारी घटनादुरुस्ती मतदानाला आली. जिला राबायचंय तिला विचारा तरी, असं म्हणून गावानं बायकांना मतदानाला बोलावलं. त्या आल्या, मतं दिली. ती मतं मोजलीच गेली नाहीत. १९५९च्या नकारानंतर दोनच दिवसांनी बासेलमधल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी संप केला.

पुढे सरकारला युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायची होती, तीही बायकांच्या मताचा मुद्दा वगळून! १ मार्च १९६९ला हजारो बायका बर्नला संसदेसमोर जमल्या. मोर्चाच्या पुढारी एमिली लीबरहेर बोलल्या, शिट्ट्यांनी चौक दणाणला. ७ फेब्रुवारी १९७१ला पुन्हा कौल झाला, पुन्हा फक्त पुरुषांचा. या वेळी सुमारे ६६ टक्के हो म्हणाले. आपल्याकडे त्याच्या २१ वर्षं आधी सगळ्या प्रौढांना मत देणारं राज्यघटनेचं ३२६वं कलम लागू झालं होतं, आणि ते लिहिणाऱ्या घटना समितीत हंसाबेन मेहता, दुर्गाबाई देशमुख बसल्या होत्या.

पण हा हक्क देशाच्या मतदानापुरता होता. आपेनझेल इनररोडन या कँटनमध्ये, म्हणजे स्विस राज्यात, स्थानिक मतदान चौकात हात वर करून होतं. त्यात बायकांना मत द्यायला तिथल्या पुरुषांनी एप्रिल १९९०मध्येही नकारच दिला. मग बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कँटनच्या घटनेत नागरिकांना मत आहे ना? मग स्त्री नागरिकच आहे, असं न्यायालयानं नोव्हेंबरात सांगितलं. घटनेतला एक शब्दही बदलावा लागला नाही. पुरुषांना विचारावं लागलं नाही.

एप्रिल १९९१मध्ये त्या चौकात पुरुष नेहमीसारखे कमरेला तलवार लावून आले. शेजारी बायका मतदारपत्र घेऊन उभ्या होत्या.